आर्मी, मिलिटरी, आर्म्ड फोर्सेस, ट्रूप्स: सगळ्यांना 'लष्कर' लिहिलं तर चालेल का?

प्रश्न असा आहे की इंग्रजी बातमीतल्या या चारही शब्दांना मराठीत 'लष्कर' लिहिलं तर काय बिघडतं. पहिल्या तिघांसाठी एकच कसोटी पुरते: त्यात नौदल आणि हवाई दल धरलंय का?

आर्मीत धरलेलं नाही. ते फक्त भूदल. आर्म्ड फोर्सेस म्हणजे तिन्ही दलं. पुण्यातल्या पाट्याच बघा. वानवडीच्या एएफएमसीच्या (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) नावात आर्म्ड फोर्सेस आहे, कारण तिथले डॉक्टर तिन्ही दलांत जातात. दिघीच्या एआयटीच्या (आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) नावात आर्मी आहे. ते कॉलेज भूदलातल्यांच्या मुलांसाठी.

खरा घोळ मिलिटरीचा. आजच्या इंग्रजीत 'द मिलिटरी' म्हणजे तिन्ही दलं मिळून. जुन्या सरकारी भाषेत मात्र फक्त भूदल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीची दुसरी नोंद 'नेव्हल, मिलिटरी अँड एअर फोर्सेस' अशी सुरू होते. मिलिटरीत नौदल येत असतं तर नेव्हल वेगळं कशाला लिहिलं असतं? दोन्ही अर्थ अजून शिल्लक आहेत. मिलिटरी पोलीस भूदलाचे, पण मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस तिन्ही दलांची बांधकामं बघते. (आणि कॅम्पातलं लष्कर पोलीस ठाणं या दोन्हींत बसत नाही, ते साध्या शहर पोलिसांचं.)

तळेगावची सीआरपीएफ (केंद्रीय राखीव पोलीस दल) गृह मंत्रालयाखाली येते. वर्तमानपत्रं तिला निमलष्करी म्हणतात. 2011 पासून अशा दलांचं सरकारी नाव केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं असं आहे. नावात सशस्त्र असलं तरी बातमीतल्या 'द आर्म्ड फोर्सेस'मध्ये ती धरत नाहीत.

भाषांतरात सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते ती ट्रूप्सवर. '5000 ट्रूप्स' म्हणजे 5000 सैनिक. त्याचं 'पाच हजार तुकड्या' केलंत आणि तुकडीमागे 100 जवान धरले तर पाच लाखांची फौज झाली! एकवचनी 'ट्रूप' मात्र खरोखर तुकडी असते, उदाहरणार्थ तीन-चार रणगाड्यांची.

पलटणीचं असंच. शब्द मूळचा प्लॅटून, पण फौजी बोलीत पलटण म्हणजे अख्खी बटालियन. प्लॅटूनमध्ये साधारण 30-35 जवान, बटालियनमध्ये 800 च्या आसपास. त्यामुळे प्लॅटूनला मराठीत प्लॅटूनच राहू द्या. रेजिमेंट तर शाखेनुसार बदलते: पूना हॉर्स ही रणगाड्यांची एकच युनिट, तर मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटच्या कितीतरी बटालियन. म्हणून 'रेजिमेंट रवाना' असं वाचलं की आधी ती पायदळाची की रणगाड्यांची ते तपासा.

'कोर'च्या (corps) स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं उच्चारत नाहीत. 'कॉर्प्स' म्हणालात तर ऐकणाऱ्याला प्रेत ऐकू येतं. अर्थही दोन: काही डिव्हिजन (अनेक बटालियनांच्या मोठ्या तुकड्या) मिळून झालेली लढाऊ रचना, किंवा भूदलाची एखादी शाखा, जशी दापोडीच्या सीएमईची (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग) कोर ऑफ इंजिनिअर्स.

राहता राहिला सोल्जर. तो भूदलातलाच. नौदलातला सेलर, हवाई दलातला एअरमन. मराठीत तिघांनाही सैनिक म्हटलेलं चालतं. इंग्रजीत लिहिताना लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावरल्या माणसाला सोल्जर म्हणू नका.