98.40 म्हणजे कशापासून 98.40?

तुमचा प्रश्न झाडांचा आहे, हे कळतंय. नदीकाठच्या नव्या उद्यानात पुरात टिकतील अशी झाडं सुचवा, एवढंच तुम्ही विचारलंय. पण मधे जाता जाता एक वाक्य लिहून गेलात: ‘पत्राप्रमाणे पूरपातळी 98.40 आहे, आमचा खालचा वॉकिंग ट्रॅक 98.90 ला आहे, म्हणजे अर्धा मीटर वर.’ ते वाचलं आणि पोटात गोळा आला. अकरा वर्षांपूर्वी जवळजवळ हेच वाक्य मी माझ्या अहवालात लिहिलं होतं.

माती तपासणं, परवानग्या, काठावरच्या रहिवाशांशी बोलणं हे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही. मला एवढंच सांगा, ते 98.40 कशापासून मोजलेलं आहे?

आमच्याकडे काय झालं ते सांगते. सर्वेक्षकाने पुलाच्या कठड्याचा एक कोपरा टीबीएम (कामापुरता उंचीचा संदर्भबिंदू) धरला आणि त्याची उंची 100.000 मीटर मानली. सगळे तसंच करतात, त्यात गैर काही नाही. पूरपातळी एका कार्यालयाकडून मागवली. दोन महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं: 97.60. आम्ही ट्रॅक 98.10 ला ठेवला आणि खूश झालो. आता गंमत बघा. पत्रात समुद्रसपाटीपासूनचा पाचशे-साडेपाचशेचा आकडा असता, तर साइटवरच्या शिकाऊ पोरानेही विचारलं असतं की हे काय आहे. पण त्या कार्यालयाचा आकडासुद्धा कुठल्याशा जुन्या कामातल्या गृहीत 100.000 वरून काढलेला होता. त्यांचं शंभर होतं एका पंपघराच्या ओट्यावर, आणि ते पंपघर कधीच पाडलेलं. दोन्ही आकडे शंभराच्या आसपास, त्यामुळे एकमेकांशेजारी अगदी शोभून दिसत होते. तो ओटा आमच्या कोपऱ्यापेक्षा 1.35 मीटर उंच होता. म्हणजे आमच्या मापाने खरी पूरपातळी 98.95. ट्रॅक अर्धा मीटर वर नव्हताच, 85 सेंटिमीटर खाली होता.

मला शंका आलीच नव्हती असंही नाही. मी लेखी विचारलं होतं की ही पातळी कोणत्या बेंचमार्कवरून, म्हणजे कोणत्या संदर्भबिंदूवरून आहे. उत्तर आलं, ‘मागणी केलेली माहिती यापूर्वीच पुरविण्यात आली आहे.’ पुन्हा विचारलं, तर विहित नमुन्यात अर्ज करा म्हणाले. विहित नमुन्यात त्या प्रश्नाला रकानाच नव्हता. तिसऱ्यांदा स्वतः गेले, तर संबंधित कर्मचारी रजेवर, आणि बाकीच्यांच्या मते ‘पातळी म्हणजे पातळी, त्यात कशावरून काय?’ इकडे टेंडरची तारीख डोक्यावर. मी विचारणं सोडून दिलं. त्या कार्यालयाच्या नावाने पुढे पुष्कळ बोटं मोडली, पण ड्रॉइंगवर सही माझी होती.

दुसऱ्या वर्षी पाणी आलं. फार मोठा पूर नव्हता, नेहमीपेक्षा थोडा जास्त. ट्रॅकवर 70 सेंटिमीटर पाणी, दोन दिवस. दिव्यांचे फीडर पिलर (वीजपुरवठ्याच्या पेट्या) बुडाले, पेव्हर ब्लॉक उचलले गेले, वीतभर गाळ बसला. हे सगळं परवडलं. पाणी एका रात्रीत उतरलं आणि तिसऱ्या दिवशी काठाची भिंत पोट काढून पुढे आली. पूर असतो तेव्हा नदीचं पाणीच भिंतीला बाहेरून टेकू देतं. ते झपाट्याने उतरलं की टेकू जातो आणि मागची भिजून जड झालेली माती ढकलत राहते. पाणी इतकं वर येणारच नाही असं धरल्यामुळे आम्ही वरच्या भागात वीप होल (मागचं पाणी बाहेर जायची भोकं) ठेवलीच नव्हती, मागे फिल्टरचा थरही नव्हता. सगळ्यात जास्त खर्च या भिंतीवर झाला. पंपघराची गोष्ट तर त्यानंतर कळली, जुना नकाशा ज्यांनी काढला होता त्या निवृत्त ड्राफ्ट्समनकडून, चहा पिता पिता.

तेव्हा पत्राच्या भरवशावर राहू नका. काठावरची जुनी माणसं, मासेमारी करणारे, पुलाखालचा रखवालदार यांना विचारा की कोणत्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. पुलाच्या खांबावर, जुन्या भिंतींवर गाळाच्या रेघा असतात. अशा चार-पाच खुणांवर तुमच्याच टीबीएमवरून ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) पातळी न्या. एका दिवसाचं काम आहे. तो आकडा पत्राशी जुळला नाही तर थांबा. डीजीपीएस (उपग्रहांवरून जागा आणि उंची मोजणारं यंत्र) लावलं तर आणखी एक खबरदारी: ते यंत्र मुळात जी उंची देतं ती समुद्रसपाटीपासूनची नसते, दोन्हींत कित्येक मीटरांचा फरक असू शकतो. सर्वेक्षकाने तो दुरुस्त केलाय का, हे लेखी घ्या.

मी जलशास्त्रज्ञ नाही. पाण्याचं गणित ज्याचं आहे त्यानेच मांडावं. पण ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता साधारण 26 टक्के होते.

आणि माझं मत विचाराल तर (काहींना पटणार नाही) नदीकाठचं उद्यान कोरडं ठेवायचा हट्टच चुकीचा आहे. खालचा भाग बुडणारच असं धरून बांधा. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात 2.7 किलोमीटरची सरळ काँक्रीटची नाली काढून 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, 2012 मध्ये. पाऊस वाढला की पाणी हिरवळीवर पसरतं, आणि त्याआधी लोकांना सावध करायला पातळीचे सेन्सर, दिवे, भोंगे आहेत. म्युनिकमध्ये इसार नदीचा 8 किलोमीटरचा पट्टा 2000 ते 2011 या काळात मोकळा केला, तिथेही पाण्याला जागा दिली. ह्यूस्टनचं बफेलो बायू उद्यान पाणी येणार हे धरूनच आखलं होतं, तरी 2017 च्या हार्वी वादळानंतर तिथे गाळाचे ढीग साचले. म्हणजे बुडायला तयार असलेल्या उद्यानालाही गाळ उपसायला माणसं आणि पैसे लागतात. तुमच्या अंदाजपत्रकात ती ओळ आहे का? आमच्यात नव्हती.

गाळावरून आठवलं. पाणी उतरत असतानाच, गाळ ओला असताना होज मारून धुवा. वाळला की कुदळ लागते. शौचालयाची टाकी जमिनीखाली असेल आणि पुराच्या वेळी रिकामी असेल तर ती चक्क तरंगून वर येते, ती नीट जखडा. काठाशी जाळीचं कुंपण नको, त्यात काटक्याकुटक्या अडकून बांधच तयार होतो. आणि नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला बाक-बिक मांडू नका, तिथे प्रवाह काठ खातो. ठेकेदार सांगेल की व्ह्यू तिथूनच चांगला दिसतो. दिसतो, खरंय.

झाडांचं म्हणाल तर पातळी नक्की झाल्याशिवाय यादी देऊन उपयोग नाही. दोन दिवस पाण्यात राहणारं झाड वेगळं आणि पंधरा दिवस राहणारं वेगळं. पुलाच्या खांबावरची खूण मोजा, तो आकडा आणि पत्रातला आकडा दोन्ही इथे टाका. मग बोलू.