मुंबईला चक्रीवादळाचा धोका ओडिशाइतकाच आहे का?

तेवढा नाहीये, पण म्हणून निर्धास्त राहू नका. बंगालच्या उपसागरात अरबी समुद्राच्या साधारण चौपट वादळं होतात, पाणी जास्त गरम असतं आणि पॅसिफिककडून आलेले जुन्या वादळांचे अवशेषही तिथे परत जोर धरतात, त्यामुळे ओडिशा, आंध्र कायम टप्प्यात. आपल्याकडची बरीचशी ओमान-येमेनकडे जातात नाहीतर वळून गुजरातला धडकतात. पण २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडमधल्या श्रीवर्धनच्या बाजूला आलंच ना, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तिथून मुंबई अशी कितीशी लांब आहे? पुढच्या वर्षी तौक्ते तर नुसतं बाजूने गेलं तरी कुलाब्याला ताशी १०० किमीच्या वर वारा होता आणि समुद्रात बार्ज बुडून कितीतरी माणसं गेली. ऐन पावसाळ्यात मोठी वादळं कमी, कारण वरचे आणि खालचे वारे उलट दिशेचे असतात, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे खरे सांभाळायचे महिने. ओडिशाने १९९९ च्या वादळानंतर किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, तसे आपल्या कोळीवाड्यांजवळ आणि रायगड-रत्नागिरीत हवेतच.