एचआयव्ही असताना 'टीबी गोल्ड' निगेटिव्ह आली, तर टीबी नाही असं धरायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना एचआयव्ही आहे, सीडी-फोर (एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो, त्यांची मोजणी) 140, तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, आणि निपाणीत केलेली टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्ट निगेटिव्ह. त्या कागदावर विसंबून घरी बसू नका.

मी डॉक्टर नाही. बेळगावात लॅबमध्ये बरीच वर्षं हीच टेस्ट लावतोय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. रक्त चार नळ्यांत घेतात. राखाडी, हिरवं, पिवळं, जांभळं टोपण, प्रत्येकीत एक मिली. मग 37 अंशांवर 16 ते 24 तास ठेवायच्या. यात टीबीचा जंतू कोणी शोधत नाही. जंतूचे तुकडे दाखवल्यावर पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात का, एवढंच मोजायचं. कुत्री भुंकली की चोर आला असं समजण्यासारखं. एचआयव्हीत नेमकी कुत्रीच कमी होतात, मग भुंकणार कोण?

जांभळी नळी त्यासाठीच असते. तिच्यात पेशींना मुद्दाम डिवचायचं. तिथंही त्या गप्प राहिल्या तर रिपोर्ट येतो 'इनडिटर्मिनेट'. सीडी-फोर खाली गेलेल्यांत असं जास्त होतं. एक गृहस्थ तसा रिपोर्ट घेऊन काउंटरवर आले, "म्हणजे नाहीच की हो?" म्हणाले. टेस्टला काहीच कळलं नाही, असा त्याचा अर्थ, हे समजवायला मला दहा मिनिटं लागली. जांभळी नीट आली तरी निगेटिव्हवर पुरता भरवसा नाही. उलट पॉझिटिव्ह आली असती तरी आजार आहे असं ठरलं नसतं. आपल्याकडे कितीतरी जणांच्या अंगात जंतू निपचित पडून असतो. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 सालीच सांगितलं, की आपल्यासारख्या देशांत चालू टीबी ओळखायला ही टेस्ट वापरू नका. (कोणी 'टीबी आयजीजी-आयजीएम', म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीची टेस्ट, करा म्हणालं तर सरळ उठून या. असल्या टेस्टवर भारतात 2012 पासून बंदी आहे.)

आता करायचं काय? बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (या टेस्ट थेट जंतूचा डीएनए शोधतात), आणि छातीचा एक्स-रे. सीबीनॅट सरकारी दवाखान्यात फुकट होते. एचआयव्हीत बेडक्यात जंतू कमी सापडतात, कधी टीबी गाठीत किंवा पोटात असतो, त्यामुळे एक निगेटिव्ह आली तरी खोकला-ताप चालूच असेल तर डॉक्टरांचा पिच्छा सोडू नका. सीडी-फोर फारच खाली असेल किंवा माणूस खूप आजारी असेल, तर लघवीत जंतूचा अंश शोधणारी लॅम टेस्टही असते. तिचं उत्तर अर्ध्या तासात कळतं.

नमुना मात्र नीट द्या. निम्म्या डब्यांत आम्हाला नुसती थुंकी मिळते. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरून छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा.

गावात कळेल म्हणून कोल्हापूरला नेऊ का, असं विचारलंय. न्या, हरकत नाही, सीबीनॅट तिकडेही आहे. पण एआरटीची (एचआयव्हीच्या औषधांची) हिरवी-निळी जी काय वही असेल ती बरोबर न्या, आणि इकडच्या एआरटी सेंटरला कळवा. टीबी निघाला तर रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू होतं, त्यानं डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचा असर कमी होतो, आणि संध्याकाळी डोल्युटेग्रॅव्हिरची जादा गोळी लागते. ती लिहून देणारा डॉक्टर दोन्ही औषधं माहीत असलेला हवा.