ऑक्टोबरात क्योतो: २२ तारखेला जिदाई मात्सुरी बघावा की कुरामाचा अग्न्युत्सव?

प्रश्न असा आहे: आईबाबांना घेऊन २० ते २५ ऑक्टोबर क्योतोत राहणार, २२ला दोन उत्सव (जुन्या काळांच्या पोशाखातल्या मिरवणुकीचा जिदाई आणि कुरामा या डोंगरातल्या गावचा मशालींचा) एकाच दिवशी येतात तर कोणता निवडावा, बाजार कुठले, आणि गेइशांचं नृत्य कुठे बघायला मिळेल. शेवटी एक शेपूट जोडलंय, 'जिदाई म्हणजे टुरिस्टांसाठीचा फॅन्सी ड्रेस, खरा उत्सव कुरामाचाच, असं ऐकलंय.' त्या शेपटासाठीच लिहायला बसलोय. हा वाद माझा जुना आहे, तेव्हा लांबण लागणार.

आधी एक नकार. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणाऱ्या बहुतेकांना ऑक्टोबरात लालभडक मेपल दिसतील असं वाटतं. नाही दिसणार. क्योतो शहरात पानांचा रंग नोव्हेंबरच्या मध्यानंतर भरतो. पानांसाठी जात असाल तर तिकीट बदला. उत्सव आणि बाजारांसाठी मात्र तुमच्या तारखा मुद्दाम ठरवल्यासारख्या जमल्यात: २१ला तोजी मंदिराचा बाजार, २२ला दोन्ही उत्सव, २५ला कितानो मंदिराचा बाजार.

आता फॅन्सी ड्रेस. जिदाई १८९५ सालचा आहे हे खरं. क्योतोतल्याच गिओन मात्सुरीची (मात्सुरी म्हणजे उत्सव) मुळं ८६९ पर्यंत जातात, त्यामानाने हे पोर कालचं. पण १८९३ सालचा म्हणून पुण्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाला कोणी खोटं म्हणतं का? (१८९२ की १८९३, ते भांडण पुणेकरांनी आपापसात मिटवावं.) १८६९ला राजधानी तोक्योला गेली आणि क्योतोचा कणाच मोडला. दरबार गेला, त्यामागे सरदार, व्यापारी, कारागीर गेले. मग शहराने बिवा तलावातून कालवा खणून आणला, १८९१ला केआगेत जलविद्युत सुरू केली, १८९५ला त्याच विजेवर जपानातली पहिली विजेची ट्राम धावली. त्याच वर्षी, ७९४ मध्ये राजधानी इथे आली त्याला ११०० वर्षं होतात म्हणून, सम्राट काम्मूचं देऊळ बांधलं. तेच हेइआन जिंगू. सम्राट २२ ऑक्टोबरला नव्या राजधानीत आला असं मानतात, म्हणून ही तारीख. पुढे १९४० मध्ये कोमेई, म्हणजे क्योतोत राहिलेला शेवटचा सम्राट, त्याचीही तिथे स्थापना झाली.

आणि मुख्य गोष्ट, जी फॅन्सी ड्रेसवाल्यांना कधीच ठाऊक नसते: ही पालखी आहे. सकाळी दोन्ही सम्राटांच्या पालख्या देवळातून निघून जुन्या राजवाड्यापाशी येतात, तिथे नैवेद्य होतो, आणि दुपारी बारा वाजता त्या परत देवळाकडे निघतात. पोशाखातली ती सुमारे २००० माणसं म्हणजे या पालख्यांच्या पुढे चालणारा लवाजमा. पालख्या जवळपास शेवटी असतात. लोक सामुराई बघतात, फोटो काढतात, दरबारी बायका गेल्या की कॉफी प्यायला जातात, आणि मग मला सांगतात की यात धार्मिक काही नव्हतं!

क्रम उलटा आहे, नवं आधी, जुनं नंतर. सगळ्यात पुढे बासरी आणि ढोल वाजवत येणारी तुकडी १८६८ला शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची, सत्ता जाऊन ती सम्राटाकडे आली त्या धामधुमीतली, तांबा भागातल्या यामागुनी गावच्या शेतकऱ्यांच्या पथकावर बेतलेली. मग एदो काळ, मग सोळाव्या शतकातले सेनानी नोबुनागा-हिदेयोशी, मग मुरोमाची काळ, असं मागे मागे जात आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. यातली मुरोमाचीची रांग नीट बघा. ती २००७ मध्ये आली. त्याआधी शंभरावर वर्षं त्या काळचे अशिकागा घराण्यातले शोगुन मिरवणुकीत नव्हतेच, कारण अशिकागा ताकाउजी सम्राट गो-दाइगोविरुद्ध लढला आणि मेइजी काळाच्या, म्हणजे १८६८ नंतरच्या सम्राटसत्तेच्या, हिशेबात तो राजद्रोही ठरला. बायकांची रांगही १९५० पासूनची. कोणाला कधी आत घेतलं यावरून देशाचं राजकारण वाचता येतं, एवढा तो 'फॅन्सी ड्रेस' बोलका आहे. पोशाख, शस्त्रं, सामान मिळून सुमारे १२,००० नग आहेत, आणि ते त्या त्या काळाच्या पद्धतीने विणण्या-रंगवण्याची कला क्योतोच्या कारागिरांकडे टिकून आहे. चालणारे भाडोत्री नट नाहीत. रांगा शहरातल्या भागांना शाळांच्या हद्दीप्रमाणे वाटून दिलेल्या आहेत आणि माणसं त्या मोहल्ल्यांतून येतात. मध्ययुगीन आणि हेइआन काळातल्या काही स्त्रिया पाच गेइको (क्योतोत गेइशांना म्हणतात ते) वस्त्यांमधल्या कलावंत आळीपाळीने साकारतात. म्हणजे गेइशा बघायच्या असतील तर त्याही इथे फुकटात दिसतात.

कुठे उभं राहायचं. मार्ग साधारण साडेचार किलोमीटरचा: राजवाड्याचं केनरेइमोन दार, साकाइमाची दार, मारुतामाची, कारासुमा, ओइके, कावारामाची, सान्जो पूल, हेइआन जिंगू. मिरवणुकीचं टोक बाराला निघतं आणि अडीचच्या सुमारास पोचतं. मिरवणूकच दोन किलोमीटर लांब, त्यामुळे एका जागी ती सरून जायला दीड तासाच्या वर लागतो. फोटो हवे असतील तर राजवाड्याचं उद्यान. तिथे मिरवणूक दक्षिणेकडे चालते, दुपारचं ऊन समोरून चेहऱ्यांवर पडतं, डोक्यावर तारा नाहीत की मागे सिग्नल नाहीत. तोटा म्हणजे पायाखाली खडी, धूळ उडते, आणि पुढची जागा हवी तर साडेदहापर्यंत पोचावं लागतं. ओइके रस्ता भलताच रुंद, तिथे माणसं खेळण्याएवढी दिसतात. कावारामाचीहून सान्जो पुलाकडे जाणारा तुकडा अरुंद, तिथे घोडा हाताच्या अंतरावरून जातो. आईबाबा सोबत आहेत, तेव्हा उगाच काटकसर न करता पैसे भरून मिळणाऱ्या खुर्च्या घ्या. त्या राजवाड्यापाशी, ओइकेवर आणि देवळाच्या रस्त्यावर असतात, विक्री आधीपासून सुरू होते. त्या दिवशी शहर बसचे मार्ग वळवतात. बसच्या नादाला न लागता भुयारी रेल्वेने जा: उद्यानासाठी मारुतामाची, देवळासाठी हिगाशियामा.

कुरामाबद्दल माझा राग नाही, कुरामावाल्यांच्या तोऱ्याबद्दल आहे. उत्सव जबरदस्त आहे. ९४० मध्ये राजवाड्यातला देव उत्तरेच्या डोंगरातल्या कुरामाला हलवला, तेव्हा लोक मशाली घेऊन सामोरे गेले, त्याची ही आठवण. मशाली अझेलियाच्या वाळवलेल्या काटक्यांच्या, रानवेलीने आवळून बांधलेल्या. मुलांच्या हातात लहान, तर मोठ्या ८० ते १०० किलोच्या, त्या खांद्यावर घेऊन पुरुष 'साइरेई, साइर्यो' ओरडत गावभर फिरतात. संध्याकाळी सहाला हाळी पडते आणि दारोदार शेकोट्या पेटतात. आठच्या सुमारास सगळ्या मशाली कुरामादेराच्या दारापुढच्या पायऱ्यांवर जमतात, मग दोन पालख्या त्या उभ्या पायऱ्यांवरून खाली येतात. पालखी सुटू नये म्हणून मागून दोर ओढून धरतात गावातल्या बायका. बाळंतपण सुखाचं होतं अशी श्रद्धा आहे.

पण गाव म्हणजे डोंगराच्या घळीतली एक गल्ली. पोलीस गर्दीला एकाच दिशेने चालवत ठेवतात, थांबू देत नाहीत. पायऱ्यांसमोरची जागा मिळवायची तर तासन्‌तास उभं राहा, ती सोडली की गेली. ठिणग्या उडतात, नायलॉनचं जाकीट वितळतं, सुती किंवा लोकरी घाला. देमाचियानागीहून एइझान रेल्वेची छोटी गाडी अर्ध्या तासात पोचवते, पण गर्दी वाढली की तिथेच रांग रोखतात. परतीची रांग तर त्याहून वाईट, आणि उत्सव मध्यरात्रीपर्यंत चालतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिथे नेणं हा निव्वळ छळ आहे. आईबाबांना हॉटेलवर सोडून तुम्ही एकटे जाणार असाल तर दोन्ही जमतं: पालख्या जाईपर्यंत सान्जोला थांबा, मग केइहान रेल्वेने दोन स्टेशनं देमाचियानागी, आणि चारपर्यंत कुरामात. दिवसाउजेडी जायचा फायदा आहे. घरांचे दर्शनी भाग उघडे असतात आणि आत पिढीजात चिलखतं, पडदे मांडलेले असतात. अंधार पडल्यावर गर्दीत ते दिसत नाही.

बाजार. २१चा तोजीचा बाजार कोबो दाइशी म्हणजे कुकाई या बौद्ध भिक्षूच्या पुण्यतिथीचा, दर महिन्याला, हजारावर दुकानं. २५चा कितानो तेनमांगूचा बाजार सुगावारा नो मिचिझाने या देव मानलेल्या विद्वानाच्या नावाने. तोजीला सकाळी आठच्या आत पोचा, क्योतो स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत. रोख येन न्या, सुटे न्या. जुने किमोनो हजार येनच्या ढिगातही मिळतात, पण कॉलर, बाहीची आतली बाजू आणि खालचा काठ उन्हात धरून बघा, डाग तिथेच असतात. अस्तर पिवळं पडलं असेल तर सोडा. चिरिमेन, म्हणजे सुरकुत्यांचं रेशीम, पाण्यात घातलं की आटतं. घरी धुवायचा विचार असेल तर घेऊ नका. शिवणकाम करणाऱ्यांनी किमोनो उसवायला घ्यावा. सगळे सरळ पट्टे निघतात, पण पन्हा जेमतेम ३६ सेंटिमीटर. ब्लाउज सहज होतो, कुर्त्याला जोड द्यावा लागतो. न उसवलेलं कापड हवं तर साधारण १२ मीटरचा अख्खा गुंडाळा मागा. घासाघीस तुळशीबागेसारखी करू नका, दोन वस्तू एकत्र घेऊन थोडं कमी होईल का एवढंच विचारा.

शाकाहारी असाल तर ठेल्यांवरचं बहुतेक खाणं बाद. पिठात, सॉसमध्ये, रश्शात माशाचा दाशी (अर्क) असतो, आणि 'मांस नाही' म्हटलं तरी विकणारा त्याला मांस धरत नाही. भाजलेलं रताळं, भाजलेले चेस्टनट आणि वाराबिमोची (जेलीसारखी मऊ मिठाई) एवढ्यावर पोट भरा.

नृत्याचं म्हणाल तर तुम्ही चुकीच्या आठवड्यात जाताय. गिओन कोबू या गेइको वस्तीचा ओन्शूकाई हा नृत्यप्रयोग १ ते ६ ऑक्टोबरला होऊन गेलेला असतो आणि गिओन हिगाशीचा गिओन ओदोरी १ ते १० नोव्हेंबरला. कितानोचा झुइकी उत्सवही १ ते ५ ऑक्टोबरचा. त्यात पालखीचं छप्पर अळूच्या देठांनी शाकारतात आणि बाकी सजावट भाज्यांची, त्यामुळे अळूप्रेमी मराठी माणसाने पुढच्या वेळी तोच आठवडा धरावा. तुमच्या तारखांना कांझे काइकान किंवा कोंगो रंगमंदिरात नो नाट्य आहे का बघा. ते संथ असतं आणि तासन्‌तास चालतं, आईबाबांना आधी विचारा. गिओनच्या गल्ल्यांत कॅमेरा घेऊन माइकोंच्या (शिकाऊ गेइशांच्या) मागे धावू नका. खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आहे आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत.

आता सावधगिरी. पाऊस असेल तर जिदाई पुढे ढकलतात, आणि २०१९ मध्ये सम्राटाच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यामुळे तो २६ला झाला होता. वर दिलेल्या वेळा त्या वर्षीच्या पत्रकाशी ताडून घ्या. २३ मोकळा ठेवा, त्या दिवशी नाराला जायचं आगाऊ तिकीट काढू नका.