देशांचं म्हातारपण मोजताना

लोकसंख्येतल्या वृद्धांच्या वाट्याची तुलना करताना तू जपान आणि भारताचे आजचे आकडे शेजारी ठेवलेस, तिथेच गडबड झाली. एका वर्षाचा फोटो काढू नकोस, वेग बघ. ६५ वर्षांपुढच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला किती वर्षं लागली, ते काढ. फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली. जपानने तेच अंतर १९७० ते १९९४ मध्ये कापलं, म्हणजे अवघ्या २४ वर्षांत! फ्रान्समध्ये पेन्शन, दवाखाने सावकाश उभे राहिले. जपानला एका पिढीत सगळं उभारावं लागलं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि कारण शोधताना आयुर्मानावरच अडकू नकोस. जपानमध्ये १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत जन्मदर जवळपास निम्म्यावर आला. पाळणे कमी हलले की वृद्धांचा वाटा आपोआप वाढतो.

आपल्याकडे ज्येष्ठ म्हणजे ६०, तिकडे बहुधा ६५. तक्ता करण्याआधी एवढं तपासच. शिवाय भारताची सरासरी फसवी आहे: २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे केरळात १२.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९, बिहारमध्ये ७.४. मी तर आता राज्यं वेगळे देश समजूनच मांडतो.