वाचकांचे प्रश्न : नाव कोणते आणि उपाधी कोणती?

प्रश्न : बुद्ध, महावीर, ख्रिस्त आणि चंगीझखान ही नावे नसून उपाध्या आहेत, असे मुलाच्या अभ्यासाच्या पुस्तकात वाचले. ज्या शब्दाने सारे जग एखाद्या व्यक्तीला ओळखते, तो शब्द तिचे नाव का म्हणू नये? नाव आणि उपाधी यांच्या अर्थात नेमका फरक कोणता?

उत्तर : हा फरक शब्दाच्या रूपावरून कळत नाही, तो शब्द वाक्यात काय काम करतो, हे पाहावे लागते. नाव व्यक्तीकडे बोट दाखवते आणि तेथेच थांबते. उपाधी आधी एखादे पद, अधिकार किंवा गुण सांगते आणि ते पद वा तो गुण ज्याच्याकडे आहे, त्या व्यक्तीपर्यंत आपल्याला त्या मार्गाने पोहोचवते. (पदवी, किताब, बिरुद, हुद्दा यांच्या छटा वेगवेगळ्या असल्या, तरी या उत्तरात सर्वांसाठी उपाधी हा एकच शब्द वापरला आहे.)

नावालाही अर्थ असतो, ही शंका येथे साहजिकच येईल. तिचे उत्तर जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ मध्ये दिले होते. इंग्लंडमधील डार्टमथ या गावाला डार्ट नदीच्या मुखाशी वसल्यामुळे ते नाव मिळाले. परंतु उद्या नदीने पात्र बदलले आणि तिचे मुख दूर गेले, तरी गावाचे नाव चुकीचे ठरणार नाही, असे त्याने दाखवून दिले. त्याचप्रमाणे विजय नावाचा उमेदवार निवडणुकीत पडला, म्हणून त्याचे नाव खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. स्वतःला विजेता म्हणवणाऱ्याला मात्र मतांची आकडेवारी विचारता येते आणि ती त्याच्या बाजूने नसेल, तर त्याचा दावा खोटा ठरतो. नाव खोटे सांगता येते, पण नाव स्वतः कोणताही दावा करत नाही. उपाधी दावा करते, आणि म्हणूनच ती द्यावी लागते, मिळवावी लागते आणि काढूनही घेता येते.

दुसरी कसोटी काळाची आहे. ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा जन्म हवाईमध्ये झाला’ हे वाक्य २०१० मध्ये खरे होते आणि २०२० मध्ये खोटे झाले, कारण मधल्या काळात त्या पदावरची व्यक्ती बदलली. ‘बराक ओबामा यांचा जन्म हवाईमध्ये झाला’ हे वाक्य मात्र दोन्ही वर्षी सारखेच खरे आहे. पद रिकामे राहू शकते, त्यावर वाद होऊ शकतो, एकाच पदावर दोघे हक्क सांगू शकतात. नावाच्या बाबतीत रिकामी जागा ही कल्पनाच संभवत नाही. शिवाय एकाच नावाच्या दोन माणसांमध्ये त्या नावामुळे काहीच समान नसते, तर एकच उपाधी धारण करणाऱ्या दोघांमध्ये काही तरी निश्चितच समान असते. मोरोपंत पिंगळे आणि बाळाजी विश्वनाथ भट हे वेगळ्या घराण्यांतले आणि वेगळ्या पिढ्यांतले पुरुष होते. दोघेही पेशवे होते, कारण तो एक अधिकार होता.

आता आपल्या उदाहरणांकडे वळतो. चंगीझखान ही उपाधी तेमुजिन या मंगोल सरदाराला १२०६ मध्ये भरलेल्या सभेत देण्यात आली. महावीरांचे नाव वर्धमान. गौतमांच्या आधीही दीपंकर, काश्यप असे बुद्ध होऊन गेले, असे बौद्ध परंपरा मानते आणि त्यावरून बुद्ध हे एका व्यक्तीचे नाव नव्हे, ही एक अवस्था आहे, हे स्पष्ट होते. ख्रिस्त या ग्रीक शब्दाचा अर्थ अभिषिक्त असा आहे आणि मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचा उल्लेख ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात’ असा येतो. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात नाव आणि उपाधी अजून वेगवेगळी होती.

तरीही माझ्या मते पुस्तकातले विधान उगमापुरतेच बरोबर आहे. बुद्धांचा जन्म लुंबिनीत झाला, असे आपण म्हणतो तेव्हा तो शब्द नावाचेच काम करत असतो. येशू हा अभिषिक्त आहे असे न मानणारा इतिहासकारही निःसंकोचपणे येशू ख्रिस्त असे लिहितो आणि त्याने श्रद्धा कबूल केली, असे कोणी समजत नाही. श्रद्धावंताच्या तोंडी तोच शब्द आजही उपाधी आहे, कारण तो उच्चारताना तो एक विधान करत असतो. एकच शब्द एकाच काळी दोन्ही कामे करू शकतो आणि तो कोणते काम करतो आहे, हे बोलणाऱ्याच्या हेतूवरून ठरते.

हा फरक लक्षात घेतला नाही तर इतिहास वाचताना किती अडचण होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सम्राट अशोकाचे आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा स्तंभांवरच्या आणि खडकांवरच्या लेखांतून एक राजा बोलू लागला. पण तो स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’, म्हणजे देवांचा प्रिय, प्रियदर्शी एवढेच म्हणवत होता. देवानंपिय ही उपाधी श्रीलंकेचा राजा तिस्स यानेही धारण केली होती, त्यामुळे हे लेख श्रीलंकेच्या राजाचे असावेत असा प्रिन्सेप यांचा आधी समज झाला. अक्षर न् अक्षर वाचता येत होते, वाक्यांचा अर्थ लागत होता आणि तरीही बोलणारा कोण हे कळत नव्हते, कारण हाती उपाधी होती आणि उपाधी एकापेक्षा अधिक राजांना लागू पडत होती. श्रीलंकेत नोकरीस असलेले जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे पियदसि म्हणजेच अशोक हे दाखवून दिले. पण प्रत्यक्ष शिलालेखात अशोक हे नाव सापडायला १९१५ साल उजाडले. आजच्या कर्नाटकातील मस्की येथील लेखात ते देवानंपिय या उपाधीला जोडून आले आहे. एका शब्दाने दर्जा सांगितला आणि दुसऱ्याने व्यक्ती निश्चित केली. पुढे अशोकाचा नातू दशरथ यानेही नागार्जुनी टेकडीवरील गुहालेखांत देवानंपिय हीच उपाधी वापरली. पियदसि हे राज्याभिषेकाच्या वेळी घेतलेले नाव होते की तेही बिरुदच होते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

प्रश्न : मग उपाधीचे नाव होते तरी केव्हा? आणि याच्या उलटही घडते का?

उत्तर : दोन्ही घडते. नावाची उपाधी झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण सीझर हे आहे. ते ज्युलियस सीझरच्या घराण्याचे नाव होते. त्याने दत्तक घेतलेल्या ऑक्टेव्हियनला ते दत्तविधानाने मिळाले आणि पुढच्या सम्राटांनाही त्याच मार्गाने मिळत गेले. इसवी सन ४१ मध्ये सत्तेवर आलेल्या क्लॉडियसचा मात्र जन्माने किंवा दत्तविधानाने त्या नावावर हक्क नव्हता. तरी त्याने ते घेतले, आणि तेव्हापासून ते सत्तेचे चिन्ह झाले. जर्मन कैसर आणि रशियन झार हे शब्द त्यातूनच आले.

उपाधीचे नाव होण्याची उदाहरणे मराठी वाचकाला दाराबाहेरच्या पाट्यांवरही दिसतात. देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, सबनीस हे सारे एके काळी हुद्दे होते. त्या हुद्द्याबरोबर काम आणि जबाबदारी येत असे. आज कुलकर्णी आडनावाच्या माणसाकडे गावचे दप्तर मागायला कोणी जात नाही, म्हणजे शब्द दावा करायचा थांबला आहे. तो आता नाव आहे. नाना फडणीस यांच्या बाबतीत हा बदल मध्यावर दिसतो. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन आणि आडनाव भानू. फडणिशी हे त्यांच्या घराण्यात चालत आलेले पद होते. समकालीनांसाठी फडणीस हा शब्द त्यांचा अधिकार सांगत होता, आपल्यासाठी तो त्यांच्या नावाचाच भाग आहे आणि भानू हे आडनाव सांगितले तर बहुतेकांना ओळख पटणार नाही.

हा बदल सहसा नकळत होतो, पण जर्मनीत तो कायद्याने करण्यात आला. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १०९ व्या अनुच्छेदाने ठरवले की उमरावांच्या उपाध्या यापुढे केवळ नावाचा भाग समजल्या जातील आणि नव्याने दिल्या जाणार नाहीत. परिणाम लेखनातही दिसतो. ग्राफ, म्हणजे सरदारकीचा एक दर्जा, हा शब्द पूर्वी नावाच्या आधी येत असे. आता तो पहिले नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जाऊन बसला. १९७७ ते १९८४ या काळात अर्थव्यवहारमंत्री असलेले ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ यांचे नाव असेच लिहिले जाते. जुन्या उपाधीची खूण एवढीच उरली, की स्त्रीच्या नावात ग्राफऐवजी ग्रेफिन हे रूप येते.

शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच वर्षी वेगळा मार्ग घेतला आणि अशा उपाध्या पूर्णपणे रद्द केल्या. नावाचा भाग म्हणूनही त्या वापरता येत नाहीत. त्यामुळे एका ऑस्ट्रियन महिलेचे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. एका जर्मन व्यक्तीने दत्तक घेतल्यामुळे तिला जर्मनीत ‘राजकन्या’ अशा अर्थाचा शब्द असलेले आडनाव मिळाले होते आणि ऑस्ट्रियाच्या दप्तरातही ते अनेक वर्षे नोंदलेले होते. पुढे तेथील अधिकाऱ्यांनी तो शब्द काढून टाकला. २०१० च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने निर्णय दिला की समतेच्या तत्त्वासाठी ऑस्ट्रियाला असे करता येते. जर्मनीच्या दृष्टीने ते फक्त नाव होते, तर ऑस्ट्रियाच्या दृष्टीने उपाधी. अक्षरे मात्र तीच होती.

प्रश्न : पद्म पुरस्कार मिळालेल्या व्यक्तीच्या नावाआधी पद्मश्री किंवा पद्मभूषण लिहावे का?

उत्तर : लिहू नये. भारतीय राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदानुसार लष्करी आणि शैक्षणिक बहुमान वगळता राज्यसंस्थेला कोणतीही उपाधी देता येत नाही. त्यामुळे डॉक्टर किंवा कर्नल लिहिण्यास हरकत नाही. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार या उपाध्याच नाहीत का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९९५ मध्ये न्यायालयाने ते पुरस्कार वैध ठरवले. मात्र ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येणार नाहीत, असेही स्पष्ट केले. कर्तृत्वाचा उल्लेख करायचा असेल, तर अमुक वर्षी पद्मश्री पुरस्काराने सन्मानित, असे वेगळ्या वाक्यात लिहावे.