तंत्रज्ञान वाढल्यावर अंधश्रद्धा कमी व्हायला हव्या होत्या, मग त्या वाढताना का दिसतात?

तुमचा प्रश्न असा, की शाळा, मोबाइल, इंटरनेट सगळं गावोगाव पोचलं, तरी बुवाबाजी आणि जुन्या रूढी मागे हटायच्या ऐवजी जोर का धरतायत. मी परभणी जिल्ह्यातला, घरची कोरडवाहू शेती. मला दिसतं ते असं: पूर्वी फसवणूक गावात लपत नव्हती, तंत्रज्ञानाने तिला लपायला जागा करून दिली.

जमिनीखाली पाणी कुठं लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याचंच बघा. तो पंचक्रोशीतला असायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून किंवा कडुलिंबाची बेचकी धरून शिवारात फिरायचा, नारळ उभा राहिला की तिथं खूण. त्याने दाखवलेले किती बोअर फेल गेले हे पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. चार जणांचे पैसे मातीत गेले की पाचवा त्याला बोलावताना दहादा विचार करायचा. आता पाणाडे यूट्यूबवर आहेत. बोअरमधून पाण्याचा फवारा उडतोय, शेतकरी गुलाल लावून उभा आहे, खाली मोबाइल नंबर. नुसता फुफाटा उडालेल्या बोअरचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. बघणारा जालन्याचा, पाणाड्या दोन जिल्हे पलीकडचा, मग जाब विचारायचा कुणाला? त्यात काहींच्या हातात नारळाऐवजी आकडे दाखवणारं यंत्र आलंय. ‘मशीन लावून पॉइंट काढतो’ म्हटलं की घरातला शिकलेला पोरगाही गप्प बसतो.

आपला बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजला की पाण्याचा अंदाज बांधता येतो. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा असं सर्वेक्षण करते, पण तोही अंदाजच असतो. कर्ज काढून बोअर घेणाऱ्याला ‘लागण्याची शक्यता आहे’ एवढ्यावर झोप येत नाही, म्हणून छातीठोक ‘दोन इंच पाणी लागणार’ म्हणणारा त्याला जवळचा वाटतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात राहणाऱ्याच्या या भीतीला कुणी अडाणीपणा म्हटलं की मला वाईट वाटतं. राग येतो तो त्या भीतीवर धंदा करणाऱ्यांचा.

अफवा काय, मोबाइलच्या आधीही पसरत होत्याच. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी फोनाफोनीतून एका दिवसात देशभर गेली होती. पण ती काही दिवसांत ओसरली. आजचा व्हिडिओ ओसरत नाही, तो रोज कुठल्यातरी नव्या माणसाला पहिल्यांदाच दिसतो. आणि एक शेवटपर्यंत पाहिला की त्याच वाणाचे पुढे येत राहतात: आज बोअरचा पॉइंट, उद्या गुप्तधन, परवा वशीकरण.

रूढींच्या बाबतीत तर यंत्राने जीव घेतलेत. मुलगाच हवा, हा हट्ट जुना. पण नवस आणि अंगाऱ्यांनी पोटातला गर्भ मुलीचा की मुलाचा हे कळत नव्हतं. सोनोग्राफीने ते कळू लागलं. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा आहे, तरी बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे 2001 साली 894 मुली होत्या, त्या 2011 च्या जनगणनेत 807 वर आल्या. यात अडाण्यांचा दोष किती आणि यंत्र चालवणाऱ्या शिकलेल्या हातांचा किती, हे तुम्हीच ठरवा.

लग्नांचंही थोडक्यात सांगतो. पोटजातवार वधू-वर ग्रुप झालेत, पत्रिका ॲपवर काही सेकंदांत जुळते. पूर्वी मध्यस्थी करणारा मामा ‘पोरगी चांगली आहे, मंगळाचं बघू’ म्हणत दोन्ही घरांना एका बैठकीत बसवायचा. आता जातीची आणि मंगळाची चाळणी लावली की ते स्थळ नजरेलाच पडत नाही.

उपाय विचाराल तर एक आपल्याच भागातून आलाय. टीव्हीवर दैवी शक्तीच्या नावाने ‘यंत्रं’, म्हणजे ताईतासारख्या वस्तू, विकणाऱ्या जाहिराती 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये दिला. तथाकथित चमत्कारांचा प्रचार-प्रसार करून लोकांना फसवणं हा या कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तक्रारीसाठी पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. तेव्हा पैशाचा पाऊस, गुप्तधन असला व्हिडिओ आला तर ‘बघा कसे फसवतात’ म्हणून ग्रुपवर टाकू नका, त्याने त्याचेच बघणारे वाढतात. लिंक, तारीख आणि खाली दिलेला नंबर टिपून घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्यायला विसरू नका.